काचबिंदू : एका मुक्या रोगाचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विज्ञानाच्या इतिहासातील एखादा विषय निवडावयास सांगितले, तेव्हा अणूपासून अवकाशापर्यंत अनेक भारदस्त विषय माझ्या डोळ्यांपुढून गेले. पण ‘डोळ्यांपुढून’ हा शब्द मनात आला आणि मी तेथेच थांबलो. ज्या इंद्रियाच्या जोरावर आपण अणू पाहिला आणि आकाश मोजले, त्या इंद्रियाला आतून पोखरणारा एक रोग माणसाला ओळखता यावयास दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. तो रोग म्हणजे काचबिंदू. आज त्याची कथा मी आपल्यापुढे मांडणार आहे.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात एक निवृत्त मास्तर राहत असत. वाचनाचे वेड दांडगे. साठीनंतर ते चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागले, ताटातली वाटी हातांनी चाचपू लागले. घरातले म्हणत, “मोतीबिंदू आहे, पिकला की काढू.” मास्तरही तेच म्हणत. समोरचे अक्षर अजून दिसत होते, त्यामुळे घाई कोणालाच नव्हती. दोन-तीन वर्षे अशी वाट पाहण्यात गेली. अखेर शहरात नेऊन दाखवले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की, हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू आहे. आणि जे गेले ते आता परत येणार नाही. परत आल्यावर मास्तर ओसरीवर बसून एवढेच म्हणाले, “पण मला दुखले कसे नाही?”

त्यांच्या त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी या इतिहासाकडे वळलो. पुढे असे ध्यानात आले की, तो प्रश्न एकट्या मास्तरांचा नव्हता. शतकानुशतके वैद्यकशास्त्रही त्याच प्रश्नापाशी अडखळत आले होते.

प्रथम नावाचा घोटाळा पाहू. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रसंग्रहात म्हातारपणच्या विकारांच्या यादीत ‘ग्लौकोसिस’ असा शब्द येतो. ग्रीक भाषेतील ‘ग्लौकोस’ म्हणजे निळसर, करडी-हिरवट झाक. डोळ्याच्या बाहुलीत अशी झाक दिसली आणि दृष्टी गेली, की त्याला हे नाव मिळे. त्यात मोतीबिंदू किती, काचबिंदू किती, आणि आणखी काय काय, हे आज कोणी सांगू शकणार नाही. आपल्याकडेही प्रकार निराळा नाही. आयुर्वेदात तिमिर, काच आणि लिंगनाश अशा दृष्टिनाशाच्या चढत्या पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि त्यांतला शेवटचा रोग सुईने बरा करण्याचा विधी सुश्रुतसंहितेत आहे. म्हणजे ज्या ‘काच’ शब्दाने आपण आज काचबिंदू ओळखतो, तो मुळात मोतीबिंदूच्या बिऱ्हाडातला! मात्र सुश्रुताने ‘अधिमंथ’ नावाचा आणखी एक नेत्ररोग वर्णिला आहे. डोळा घुसळून निघावा अशी वेदना होते, अर्धे डोके फुटू लागते आणि उपचार न झाल्यास काही दिवसांत दृष्टी जाते, असे त्याचे स्वरूप. अनेक अभ्यासकांना त्यात आजच्या तीव्र काचबिंदूची खूण दिसते. पण हा रोगाचा दुखणारा प्रकार. न दुखणारा प्रकार सर्वांच्याच नजरेतून सुटला.

डोळा घट्ट होतो, ही खूण स्पष्ट शब्दांत नोंदवणारा एक मनुष्य इंग्लंडात होऊन गेला. रिचर्ड बॅनिस्टर हे त्याचे नाव. १६२२ साली त्याने लिहून ठेवले की, मोतीबिंदूसारख्या दिसणाऱ्या काही डोळ्यांना शस्त्रक्रियेने गुण येत नाही. पापणीवरून बोटाने चाचपले असता असा डोळा नेहमीपेक्षा कठीण लागतो, त्याची बाहुली हलत नाही आणि त्याला उजेडही कळत नाही. बोटाने केलेले हे निदान अचूक होते. परंतु त्या काळी त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. याच शतकात महाकवी मिल्टन १६५२ पर्यंत पूर्ण अंध झाला. १६५४ साली एका ग्रीक स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली दृष्टी कशी गेली ते सांगितले आहे; दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखे कडे दिसू लागल्याचा उल्लेख त्यात आहे. काचबिंदूच्या काही रोग्यांना असे कडे दिसते खरे. म्हणून मिल्टनला हाच रोग असावा, असे काही जण मानतात. इतरांची मते वेगळी आहेत, आणि तीनशे-साडेतीनशे वर्षांनंतर त्याचा निकाल लावण्याचा हट्ट आपण धरू नये.

पुढची पायरी मोतीबिंदूनेच घालून दिली. अठराव्या शतकाच्या आरंभी ब्रिसो आणि मेत्र-झां या फ्रेंच वैद्यांनी मृतांचे डोळे कापून दाखवून दिले की, मोतीबिंदू म्हणजे डोळ्यात उतरलेला पडदा नसून डोळ्याचे भिंगच गढूळ झालेले असते. मोतीबिंदूला स्वतःचे घर मिळाले आणि काचबिंदू बेघर झाला. भिंग निर्मळ, डोळा वरून धडधाकट, तरी दृष्टी नाही. मग बिघाड आहे कोठे? १८३० साली ग्लासगोच्या विल्यम मॅकेंझीने आपल्या नेत्ररोगावरील ग्रंथात डोळ्याच्या कठीणपणावर पुन्हा भर दिला आणि आतील द्रव काढण्यासाठी डोळ्याला छिद्र पाडण्याची सूचनाही केली. तथापि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ कोणीच पाहिलेला नव्हता. बाहुली काळी का दिसते, हेच जेथे नीट उमगले नव्हते, तेथे तिच्या पलीकडचे काय सांगावे?

तो काळोख दूर केला हेर्मान हेल्महोल्ट्झ याने. विद्यार्थ्यांना समजावून देण्याच्या निमित्ताने या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली काचेच्या काही पट्ट्या आणि एक भिंग यांची जुळणी केली, आणि १८५१ साली आपले नेत्रदर्शक यंत्र जगापुढे ठेवले. उजेड बाहुलीतून आत सोडायचा आणि तो परत येतो त्याच वाटेवर आपला डोळा ठेवायचा, इतकीच ती युक्ती. पण त्या युक्तीने डोळ्याच्या तळाशी असलेले तांबूस दृष्टिपटल, त्यावर पसरलेल्या रक्तवाहिन्या, आणि मज्जातंतू जेथून मेंदूकडे निघतो ती फिकट वाटोळी चकती, हे सारे जिवंत माणसात प्रथमच दिसू लागले.

श्रोतेहो, येथे एका मोठ्या माणसाच्या चुकीची हकीकत सांगितली पाहिजे. आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे हा बर्लिनचा तरुण नेत्रवैद्य. १८५४ साली, म्हणजे वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या आसपास, त्याने नेत्रविद्येला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. नव्या यंत्रातून त्याने काचबिंदूचे डोळे पाहिले आणि लिहिले की, या रोगात मज्जातंतूची चकती फुगून पुढे आलेली असते. व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगरनेही त्याच वर्षी तसेच चित्र छापले. दोघेही चुकले होते. चकती फुगलेली नव्हती. ती आत खचलेली होती, पेल्यासारखी. एका डोळ्याने यंत्रातून पाहताना उंचवटा आणि खळगा यांचा भेद कळत नाही. पाण्यात पडलेल्या सावलीवरून खड्डा आहे की टेकाड हे जसे सांगता येत नाही, तसेच ते. पुढच्याच वर्षाच्या सुमारास आडॉल्फ वेबरने हा खळगा असल्याचे ओळखले, आणि हाइनरिख म्युलरने मृतांच्या डोळ्यांचे छेद घेऊन त्याला पुरावा दिला. ग्रेफेने विलंब न लावता आपले मत दुरुस्त केले, आणि ते छापून केले. आपले पांडित्य सांभाळण्यासाठी तो त्या फुगवट्याला चिकटून बसला असता, तर कदाचित पुढचे घडले नसते.

पुढचे घडले ते असे. डोळ्यात दाब वाढतो आणि त्या दाबाने मज्जातंतूचा तळ खचतो, ही संगती मनात बसल्यावर ग्रेफे दाब कमी करण्याचे उपाय शोधू लागला. डोळ्याच्या इतर काही विकारांत कनीनिकेचा, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा, तुकडा कापल्यावर डोळा मऊ पडतो, हे त्याने पाहिले होते. १८५६ साली त्याने तीच शस्त्रक्रिया काचबिंदूवर केली आणि १८५७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या तीव्र काचबिंदूत रोगी वेदनेने तळमळत अंध होई, तो बरा होऊ लागला. असाध्य मानलेल्या एका रोगाला माणसाने प्रथमच मागे रेटले. क्षयाने पोखरलेला हा मनुष्य १८७० साली अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी वारला. पण जाण्यापूर्वी त्याला आपल्या उपायाची मर्यादा कळून चुकली होती. न दुखणारा, सावकाश वाढणारा जो काचबिंदू, त्यावर ही शस्त्रक्रिया बहुधा निष्फळ ठरत होती. कठीणपणा फारसा नसताना चकती खचलेले डोळेही त्याने पाहिले होते. ते कोडे पुढच्या शतकाच्या वाट्याला आले.

आता हा दाब येतो कोठून ते पाहू. डोळ्याच्या पुढच्या भागात स्वच्छ पाण्यासारखा एक द्रव सतत पाझरत असतो. दर मिनिटाला एका थेंबाचा सुमारे विसावा हिस्सा, एवढेच त्याचे प्रमाण. जुन्या वाड्यातल्या हौदासारखी ही व्यवस्था आहे : एका बाजूने पाणी येते, दुसऱ्या बाजूने मोरीवाटे जाते, आणि पातळी कायम राहते. ही मोरी कनीनिका आणि पुढचे पारदर्शक पटल जेथे मिळतात त्या कोपऱ्यात आहे. थिओडोर लेबर आणि माक्स क्नीस यांच्या १८७० नंतरच्या दशकातील संशोधनाने हे स्पष्ट होत गेले. मोरीची जाळी हळूहळू चोंदली तर पातळी सावकाश चढते आणि कोणाला पत्ता लागत नाही. मोरीच्या तोंडावर अचानक पडदा सरकून बसला, तर हौद एका रात्रीत तुंबतो. पहिला तो मुका काचबिंदू, दुसरा तो आक्रोश करणारा. मात्र जिवंत डोळ्यात हा कोपरा भिंगातून न्याहाळून हे दोन प्रकार निर्विवादपणे वेगळे करण्याचे काम सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑटो बार्कनने १९३८ साली केले. ग्रेफेची शस्त्रक्रिया एकाला लागू पडे आणि दुसऱ्याला नाही, याचा उलगडा अशा रीतीने ऐंशी वर्षांनी झाला.

औषधाची कथा याहून नवलाची आहे. पश्चिम आफ्रिकेतील कालाबार प्रदेशात आरोपीला एक विषारी दाणा खावयास देऊन दिव्य करीत असत. जगला तर निर्दोष, मेला तर अपराधी. या दाण्याच्या अर्काने बाहुली आकुंचन पावते, असे १८६० नंतर एडिंबरोच्या वैद्यांना आढळले. स्ट्रासबुर्गच्या लुडविग लाक्वेरने १८७६ साली तो अर्क काचबिंदूवर वापरला, आणि डोळ्याचा दाब उतरला. हा लाक्वेर स्वतःच काचबिंदूचा रोगी होता! न्यायासाठी वापरलेले विष अशा तऱ्हेने डोळ्यात घालावयाचे थेंब झाले. त्याच सुमारास ब्राझीलमधील जाबोरांडी या झुडपापासून पिलोकार्पिन मिळाले, आणि पुढे शंभर वर्षे तेच थेंब जगभर चालले.

या इतिहासातले एक पान हिंदुस्थानातही लिहिले गेले आहे. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचा प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट याने १९०९ पासून डोळ्याच्या पांढऱ्या आणि काळ्या भागांच्या सीमेवर बारीक गोल छिद्र पाडून द्रवाला नवी वाट करून देण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. ‘एलियटची ट्रेफाइन’ या नावाने ती साऱ्या जगात गेली. याच एलियटने आपल्याकडील सुईने मोतीबिंदू पाडणाऱ्या फिरत्या वैदूंच्या हातून गेलेल्या शेकडो डोळ्यांची तपासणी करून ग्रंथ लिहिला. सुईने ढकललेले भिंग डोळ्यातच राहते आणि त्यातून पुष्कळदा काचबिंदू उद्भवतो, असे त्याला आढळले. सुश्रुताच्या विद्येचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण शतकांच्या ओघात ती कोणाच्या हाती जाऊन कोणत्या अवस्थेला पोचली, हेही पाहिले पाहिजे.

विसाव्या शतकाने मापनाची साधने दिली. नॉर्वेच्या यालमार श्योट्झने १९०५ साली डोळ्यावर टेकवून दाब मोजण्याचे सुटसुटीत यंत्र दिले. १९५५ च्या सुमारास बर्नच्या हान्स गोल्डमानने त्याहून अचूक यंत्र बनवले. दाब मोजण्याची कसोटी म्हणून ते आजही मानले जाते. त्याआधीच, १८८९ साली, कोपनहेगनच्या यानिक बियेरुमने दृष्टीचे क्षेत्र मोजण्याची एक साधी रीत शोधली होती. रोग्याला आपल्या खोलीच्या दारापुढे बसवायचे, नजर मध्यावर स्थिर ठेवावयास सांगायची, आणि दाराच्या पृष्ठावर पांढरा ठिपका फिरवून तो कोठे नाहीसा होतो ते टिपायचे. एवढ्याने त्याला दिसून आले की, काचबिंदूच्या रोग्याच्या नजरेत कमानीच्या आकाराचा एक भाग गळून गेलेला असतो, आणि रोग्याला त्याची गंधवार्ता नसते.

येथे मास्तरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. काचबिंदू मधली नजर शेवटपर्यंत राखतो आणि कडेचे क्षेत्र कुरतडतो. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, आणि उरलेली खिंडारे मेंदू आजूबाजूच्या दृश्याने बुजवतो. रोग्याला काळा डाग दिसत नाही. त्याला काहीच कमी दिसत नाही. अक्षर दिसते, पण दाराची चौकट दिसत नाही.

उरलेले अर्धे उत्तर मिळवण्यासाठी दाबावरची भाबडी श्रद्धा सोडावी लागली. १९५८ साली जर्मनीत लायडहेकर याने दहा हजार लोकांचे दाब मोजले. अशा मोजणीतून पाऱ्याच्या २१ मिलिमीटरपर्यंतचा दाब तो निरोगी, असा संकेत रूढ झाला. संख्याशास्त्राने आखलेली ही रेघ लोकांनी निसर्गाचा नियम मानली. परंतु १९६६ साली फ्रेड हॉलोज आणि ग्रॅहम यांनी वेल्समधील खाणकामगारांच्या एका खोऱ्यात चार हजारांवर माणसे तपासली, तेव्हा निराळेच चित्र दिसले. दाब अधिक असलेल्या बहुतेकांना काचबिंदू नव्हता; आणि काचबिंदू असलेल्या अनेकांचा दाब रेघेच्या आत होता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधील ताजिमी शहराच्या पाहणीत तर उघड्या कोपऱ्याच्या काचबिंदूचे दहांपैकी नऊ रोगी २१ च्या आतलेच निघाले. म्हणजे दाब हा रोग नव्हे. तो रोगाचा एक मोठा साथीदार आहे.

मग रोग कोठे आहे? तो मज्जातंतूत आहे. डोळ्यातून मेंदूकडे जाणारा हा दोर दहा लाखांहून अधिक सूक्ष्म तंतूंचा बनलेला असतो, आणि डोळ्याबाहेर पडताना ते तंतू चाळणीसारख्या एका पटलातून जातात. १९७० नंतर अमेरिकेत माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की, दाब वाढला की तंतूंच्या आत चाललेली पोषणद्रव्यांची ने-आण या चाळणीपाशीच अडते. पोषण तुटले की पेशी एकेक करून मरते. ज्याची चाळणी दुबळी, त्याला साधा दाबही सोसत नाही. हॅरी क्विग्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली मृतांच्या नेत्रतंतूंची मोजदाद करून दाखवले की, चाळीस टक्क्यांपर्यंत तंतू नष्ट झाले तरी त्या वेळच्या दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत उणेपणा दिसत नसे. आणि या तंतूंना दुखणे कळत नाही. ते पाहण्यासाठी आहेत. वेदना सांगण्याचे काम त्यांचे नाही. मास्तरांना दुखले नाही, ते यामुळे.

उपायांचे शस्त्रागार मात्र वाढत गेले. १९५४ साली बर्नार्ड बेकरने द्रवाची निर्मिती कमी करणाऱ्या ॲसेटाझोलामाइडचा उपयोग दाखवला. १९६८ साली केंब्रिजच्या केर्न्सने ट्रॅबेक्युलेक्टॉमी ही सुधारलेली शस्त्रक्रिया वर्णिली. १९७८ साली अमेरिकेत टिमोलॉलचे आणि १९९६ साली लाटानोप्रोस्टचे थेंब मान्य झाले; लेसर किरणांनी मोरी मोकळी करण्याची रीतही याच काळातली. १९९१ पासून प्रकाशलहरींच्या साहाय्याने दृष्टिपटलाचे थर मोजता येऊ लागले. या साऱ्याचा उपयोग होतो काय, याची परीक्षाही झाली. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दाब जास्त पण रोग नाही अशा १,६३६ लोकांपैकी अर्ध्यांना थेंब दिले होते. पाच वर्षांत थेंब न मिळालेल्यांत शेकडा ९.५ जणांना, तर थेंब मिळालेल्यांत शेकडा ४.४ जणांना काचबिंदू झाला. २०१५ साली ब्रिटनमध्ये ५१६ रोग्यांवरील चाचणीने सिद्ध केले की, थेंबांनी दृष्टिक्षेत्राची हानी खरोखरच मंदावते.

मंदावते, असे मी म्हणालो. भरून येते असे म्हणालो नाही. मेलेला तंतू परत उगवत नाही. १९८० नंतरच्या दशकात माँट्रियलच्या आल्बर्ट अग्वायो यांनी उंदराच्या पायाच्या मज्जातंतूचा तुकडा डोळ्यामागे जोडला, तेव्हा तुटलेले नेत्रतंतू त्यातून वाढत मेंदूपर्यंत पोचले. तंतूंना वाढीची शक्ती असते, वाट मिळत नाही, हे त्यातून कळले. या आशेवर आज अनेक प्रयोगशाळा काम करीत आहेत. पण त्या आशेच्या भरवशावर आज कोणी थेंब टाकावयाचे सोडू नयेत.

शेवटी आपल्या घरच्या गोष्टी. दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या पाहण्यांत असे आढळले की, काचबिंदू असलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना तो आहे हे ठाऊकच नव्हते. ही माणसे आंधळी नव्हती. आपल्यासारखीच हिंडतफिरत होती. म्हणून चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने चष्म्याचा नंबर काढताना डोळ्याचा दाब आणि मज्जातंतूची चकती यांची तपासणी मागून घ्यावी. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर धोका अनेक पटींनी वाढतो. तेथे हयगय नको. डोळा लाल झाला म्हणून औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालू नयेत. त्यांनी दाब वाढतो, हे १९६० पासून ठाऊक आहे. अर्धे डोके ठणकते, उलट्या होतात, दिव्याभोवती कडी दिसतात आणि डोळा लाल आहे, अशा वेळी अर्धशिशी म्हणून निजून राहू नये. तासांचा हिशेब असतो. आणि “पिकू द्या, मग काढू” हे वाक्य तर आपल्या घरातून कायमचे घालवावे. मोतीबिंदू थांबतो; काचबिंदू थांबत नाही.

इतिहासाच्या अभ्यासाने काय मिळते, असे लोक विचारतात. या इतिहासाने मला एवढे शिकवले की, बॅनिस्टरच्या बोटाला, ग्रेफेच्या यंत्राला आणि बियेरुमच्या दाराला जे दिसले, ते रोग्याला स्वतःला कधीच दिसत नाही. त्यामुळे न दुखणाऱ्या या रोगात विचारपूस आपणच केली पाहिजे. आज येथून घरी गेल्यावर, ओसरीवर बसलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला आपण दाराच्या चौकटीबद्दल विचारलेत, तर माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.